बाबांचं नाणं आणि बिडाचे खांब

बाबांच्या खिशात पंचम जॉर्जचा एक जुना रुपया असतो. तो खर्चायला नाही, वाजवायला. चाळीस वर्षं साइटवर काढलेला माणूस. भिंत दिसली की नाण्यानं टकटक करणार, कान लावणार आणि "आत पोकळ आहे" किंवा "गिलावा सुटलाय" असा निकाल देऊन मोकळा होणार. पाहुण्यांच्या घरीसुद्धा. गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघं सहा दिवस इंग्लंड फिरून आलो ते या नाण्याच्या हट्टापायी. दगड, वीट, चुना आणि लाकूड यांवर हजारो वर्षं निभावलेलं बांधकाम लोखंडावर, काचेवर आणि सिमेंटवर कसं आलं, आणि पहिल्यांदा कुठे आलं, ते त्यांना स्वतः हात लावून बघायचं होतं. राजवाडे आणि मेणाचे पुतळे यादीतून पहिल्याच दिवशी कटाप झाले.

व्हिसा-तिकिटांचं सगळं सुरळीत झालं, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.

पहिला दिवस : आयर्नब्रिज

बर्मिंगहॅमला उतरून ट्रेननं टेलफर्ड, तिथून बस. आयर्नब्रिज गावाला रेल्वे स्टेशन नाही आणि बस संध्याकाळी लवकर बंद होते, त्यामुळे दुपारपर्यंत पोचेल असं बघा. आम्ही पोचलो तेव्हा झिमझिम चालू होती. सेव्हर्न नदीची खोल, झाडीनं भरलेली घळ, उतारावर विटांची घरं, आणि रस्ता वळला की एकदम समोर तो. तांबूस-तपकिरी रंगाचा. फोटोंत मी तो काळा-करडा पाहिला होता. २०१८ मध्ये दुरुस्ती संपली तेव्हा त्याला मूळचा रंग परत दिला, असं कळलं.

खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिलं आलं, "एवढासाच?" कमान फक्त १०० फुटांची. आपल्या डोळ्यांना उड्डाणपुलांची सवय. बाबा मात्र एक शब्द बोलले नाहीत. छत्री माझ्या हातात देऊन थेट काठावरच्या वाटेनं पुलाखाली गेले.

दहा मिनिटांनी हाक आली. "अगं, खाली ये. हे सुताराचं काम आहे!"

"बाबा, लोखंडाचा पूल आहे हा."

"लोखंडाचाच आहे. पण जोडलाय सुतारानं. जोड बघ."

मी वर पाहिलं. एका तुळईला आरपार भोक, त्यातून दुसरी घातलेली, आणि फट राहू नये म्हणून ठोकलेली पाचर. थोडं पलीकडे, पेटीच्या कोपऱ्याला असतो तसा पारव्याच्या शेपटीचा सांधा. दाराच्या चौकटीला जे करतात तेच, फक्त बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, ओतलेलं. मूळ बांधणीत नटबोल्ट नाहीत. १७०० हून जास्त सुटे भाग, एकूण वजन सुमारे ३७८ टन, आणि सगळं खाचा-पाचरांवर उभं. पुलाचा आराखडा करणारा थॉमस प्रिचर्ड मुळात सुतारकाम शिकलेला, हे कळल्यावर बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनीच तो नेमला होता. प्रिचर्ड १७७७ मध्ये वारला, त्यानं पूल पाहिलाच नाही. १७७९ मध्ये कमान उभी केली ती तिशीही न गाठलेल्या अब्राहम डार्बी तिसरा यानं, स्वतःच्या भट्टीचं बीड ओतून, आणि त्यापायी तो जन्मभराच्या कर्जात बुडाला. रहदारी सुरू झाली १ जानेवारी १७८१ ला.

"पण लोखंडाला लाकडासारखं का जोडलं?" मी विचारलं.

"दुसरं येत कुणाला होतं? हातात नवीन माल आला तरी हात जुनेच असतात."

हे वाक्य पुढचे पाच दिवस आमच्याबरोबर फिरलं.

बिडाबद्दल एक गोष्ट बाबांनी पुलाखालीच समजावली. दाबायला वाघ, ताणायला शेळी. वरून कितीही वजन द्या, पेलेल. ओढलं किंवा वाकवलं की तडकन जाईल. म्हणून इथे कमान आहे. कमानीत सगळा मामला दाबाचा. दगडी पुलाचं रूप बिडाला फुकटात मिळालं आणि ते त्याला मानवलं. पण माल मात्र गरजेपेक्षा कितीतरी जास्त वापरला गेला. १७९५ च्या पुरात आसपासचे पूल गेले, हा टिकला, आणि मग सगळ्यांना लोखंड हवंसं झालं. थॉमस टेलफर्डनं जवळच बिल्डवासला १७९६ मध्ये १३० फुटांचा पूल बांधला, फक्त १७३ टनांत. सतरा वर्षांत लांबी तीस फुटांनी वाढली आणि वजन निम्म्यानं उतरलं. तो पूल आता नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी पहाटे मला तिथे चालत नेलं असतं.

पुलावर आता फक्त पायी जाता येतं (१९३४ पासून गाड्या बंद आहेत) आणि पैसे पडत नाहीत. टोलनाक्याच्या घरावरची जुनी दरपाटी जरूर वाचा. सैनिक असो, टपालगाडी असो, राजघराणं असो, टोल सगळ्यांना, असं तिथे स्पष्ट लिहिलंय.

राहिलो ते एका चढावरच्या घरात. मालकीणबाईंचे यजमान आयुष्यभर छपरं शाकारायचं काम करत. चहा होईपर्यंत ते बाबांना बागेत घेऊन गेले आणि जुन्या छपराच्या उतरवलेल्या पाट्या दाखवू लागले. वेल्समधली स्लेट. निळसर-जांभळी, बोटाच्या नखाएवढी जाड, वाजवली तर काशाच्या भांड्यासारखा नाद. बाबांचं नाणं अर्थातच बाहेर आलं. या पाट्यांच्या मापांना नावं आहेत आणि ती सगळी सरदारघराण्यातल्या बायकांची : डचेस, काउंटेस, लेडी. "लेडीपेक्षा काउंटेस मोठी, काउंटेसपेक्षा डचेस. दोनशे डचेस चढवल्या की कंबर जाते," आजोबा म्हणाले आणि मालकीणबाईंनी आतून काहीतरी ओरडून त्यांना गप्प केलं.

त्यांनीच एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. पूर्वी गावाचं छप्पर गावाच्या आसपास जे मिळेल त्याचं असायचं. इथे गवत, तिथे जाड दगडी फरशी, पलीकडे भाजकी कौलं. दगड-स्लेट लांब नेण्यात विकतच्या किमतीपेक्षा भाडं जड व्हायचं. कालवे आणि मग रेल्वे आल्यावर वेल्सची स्लेट देशभर गेली, आणि गल्लीच्या गल्ल्या एकाच रंगाच्या झाल्या. गाव ओळखायचं ते छपरावरून, ती खूण गेली.

दुसरा दिवस : कोलब्रुकडेल

सकाळी ऊन. पुलापासून कोलब्रुकडेलची जुनी भट्टी पाऊण तासाच्या रमतगमत चालीवर आहे. भट्टीवर आता तिरक्या छपराचं आवरण घातलंय. आत अंधारात विटा-दगडांचा एक भगदाड पडलेला ढीग, आणि वर बिडाच्या तुळया, त्यांतल्या एकीवर ओतीव अक्षरांत 'अब्राहम डार्बी १७७७'. दिसायला काहीच नाही. पण इथेच १७०९ मध्ये या घराण्यातल्या पहिल्या अब्राहम डार्बीनं लोणारी कोळशाऐवजी कोक जाळून लोखंड वितळवलं.

त्याआधी लोखंड म्हणजे जंगल. लाकूड जाळून कोळसा करा, त्यावर भट्टी चालवा. झाडं संपली की भट्टी थांबली. दगडी कोळसा थेट वापरावा तर त्यातल्या गंधकानं लोखंड ठिसूळ होतं. डार्बीनं कोळसा आधी भाजून गंधक उडवलं, तोच कोक. त्याला पूल-बिल काही बांधायचा नव्हता. त्याला पातेली करायची होती. वाळूच्या साच्यात पातळ अंगाची बिडाची भांडी ओतण्याचं पेटंट त्यानं १७०७ मध्ये घेतलं होतं.

बाबा पट्टीवरचा मजकूर दोनदा वाचून म्हणाले, "म्हणजे आधी कालवणाचं भांडं, मग इमारत. बरोबर आहे क्रम."

दुपारी ब्लिस्ट्स हिलला गेलो. व्हिक्टोरियन काळातलं गाव तिथे उभं केलंय, जुन्या वेशातली माणसं दुकानं चालवतात. छान आहे, पण पोरांना घेऊन जाण्याजोगं. आम्ही तासाभरात निघालो. एक सूचना शाकाहारी मंडळींना : इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी चिप्स अजून गाईच्या चरबीत तळतात. विचारल्याशिवाय घेऊ नका. आम्ही चीज-कांद्याच्या पेस्टीवर भागवलं, आणि थंडीत ती गरमागरम पेस्टी खरंच झकास लागते.

तिसरा दिवस : श्रूजबरी

या दिवसासाठी सगळी सहल होती असं आता वाटतं, आणि यादीत तो जवळजवळ नव्हता. टेलफर्डहून श्रूजबरी ट्रेननं वीसेक मिनिटं. गावाच्या कडेला एक पाच मजली विटांची गिरणी आहे. बाहेरून अगदी साधी, वर एक लाकडी मनोरा. अंबाडीसारख्या जवसाच्या धाग्याची ही गिरणी १७९७ मध्ये पुरी झाली. जगातली पहिली लोखंडी सांगाड्याची इमारत. न्यूयॉर्क-शिकागोच्या गगनचुंबी इमारतींची ही आजी. २०२२ पासून ती लोकांसाठी खुली आहे. आत छोटं प्रदर्शन आहे, पण गाइडबरोबरचा फेरफटका घ्याच. वार आणि वेळा आधी बघून जा.

आमचा गाइड सत्तरीचा स्वयंसेवक. ही गिरणी १८९७ मध्ये बंद असलेल्या अवस्थेतून बार्लीचं माल्ट करण्यासाठी घेतली गेली आणि १९८७ पर्यंत तेच काम चाललं. या गाइड आजोबांचे वडील तिथे कामाला होते. "बाबा घरी आले की खिशातून बार्ली सांडायची," ते म्हणाले. "आई अंगणात उभं करून झटकायची."

आत शिरल्यावर पहिल्यांदा दिसतात खांब. बारीक. माझ्या मांडीपेक्षा बारीक. अधिक चिन्हाच्या आकाराचा छेद, आणि उंचीच्या मध्यावर किंचित फुगलेले. त्यांवर बिडाच्या तुळया, आणि दोन तुळयांच्या मध्ये विटांची बसकी कमान. तिच्यावरचा भराव म्हणजे वरच्या मजल्याची जमीन. बाबांनी मान वर केली आणि हसले. "जॅक आर्च! जुन्या बंगल्यांत मी किती काढून टाकल्या. ही यांची थोरली."

हे सगळं आलं आगीमुळे. गिरणीत हवेत धाग्याची भुकटी, उजेडाला तेलाचे दिवे, यंत्रांना घातलेलं तेल जमिनीच्या फळ्यांत मुरलेलं. ठिणगी पडली की पाच मजले तासाभरात खाक. लंडनची अॅल्बियन मिल १७९१ मध्ये जळाली. श्रूजबरीच्या मालकांची लीड्समधली गिरणी १७९६ मध्ये आगीत सापडली. त्याआधी डर्बीशरमध्ये विल्यम स्ट्रटनं बिडाचे खांब वापरले होते, पण तुळया लाकडीच, वर गिलावा थापून. चार्ल्स बेज या माणसानं तुळयाही बिडाच्या केल्या आणि लाकूड सांगाड्यातून काढून टाकलं. बेज काही वास्तुविशारद नव्हता. दारूचा व्यापारी आणि जमीनमोजणी करणारा. पण खांब-तुळई किती वजन घेईल याचा हिशेब त्यानं कागदावर मांडला. त्याआधी लोक अंदाजपंचे जाडी ठरवत. ओतकाम गावातल्याच विल्यम हेझलडीनच्या कारखान्यातलं.

बाबांचं नाणं खिशातून निघालेलं पाहून मी डोळे वटारले. आजोबांनी मात्र खुणेनं 'वाजवा' म्हटलं. टण्. स्वच्छ, लांबणारा आवाज. मग बाबा भिंतीकडे वळले आणि तिथे मात्र अडले. वीत लावून वीट मोजली, पुन्हा मोजली.

"ही वीट मोठी आहे."

आजोबा खूष झाले. हा प्रश्न त्यांना फार कमी जण विचारत असावेत. १७८४ पासून इंग्लंडात विटांवर कर होता, आणि तो नगावर. मग वीटभट्टीवाल्यांनी वीटच मोठी केली. भिंत तेवढीच, विटा कमी, कर कमी. सरकारच्या लक्षात आल्यावर १८०३ मध्ये मोठ्या विटेवर जास्त कर बसला आणि माप पुन्हा खाली आलं. कर उठला १८५० मध्ये. या गिरणीच्या भिंतीत तो सगळा डाव उघडा पडलाय. बाबा परत परत त्या विटेवर हात फिरवत होते. "इंजिनिअरनं आग विझवली आणि मालकानं कर चुकवला," ते म्हणाले. "साइट म्हणजे साइट."

एक मात्र ध्यानात ठेवण्यासारखं. आत लोखंडी सांगाडा असूनही बाहेरच्या भिंती जाडजूड, ओझं वाहणाऱ्याच आहेत. भिंतीला रजा द्यायला अजून बराच काळ जायचा होता. माल्टसाठी अंधार हवा म्हणून पुढे बहुतेक खिडक्या विटांनी बुजवल्या. काही आता मोकळ्या केल्यात, बाकीच्यांच्या जागी कमानींचे वण दिसतात.

चौथा दिवस : लिव्हरपूल, पावसात

क्रू स्टेशनवर पुढची गाडी रद्द झाली आणि दीड तास बाकावर बसून काढला. कारण शेवटपर्यंत कळलं नाही. बदलाच्या गाड्यांमध्ये मोकळा वेळ ठेवा, एवढंच.

लिव्हरपूलमध्ये असा पाऊस होता की छत्री म्हणजे नुसता विनोद. तशात आम्ही एव्हर्टनच्या टेकडीवर सेंट जॉर्ज चर्च बघायला चढलो, आणि दार बंद. परत फिरणार तेवढ्यात वेदीवरच्या फुलांची रचना करायला आलेल्या एका बाईंनी आमची अवस्था पाहून आत घेतलं, वर हीटरही लावला. बाहेरून वालुकाश्माचं नेहमीचं चर्च. आत मात्र काडीसारखे नाजूक खांब, जाळीदार कमानी, खिडक्यांची नक्षी, सगळं बिडाचं. १८१४ चं काम. जॉन क्रॅग हा ओतकारखान्याचा मालक आणि थॉमस रिकमन हा आराखडा करणारा. गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन चर्चच्या टोकदार कमानींच्या, शैलीच्या कालखंडांना आज जी इंग्रजी नावं वापरतात ती याच रिकमननं रूढ केली. म्हणजे गॉथिकचा जाणकार, आणि त्यानंच दगडाची नक्षी साच्यातून काढली! एकदा साचा झाला की क्रॅगला थांबायचं कारण नव्हतं. पुढच्याच वर्षी शहराच्या दुसऱ्या टोकाला सेंट मायकल चर्चमध्ये तेच साचे पुन्हा वापरले.

मला ते फार सुंदर वाटलं. बाबांना पटेना. "दगडाची नक्कल करायची तर दगडच का नको?" मी म्हटलं, दगडाचे खांब एवढे बारीक झाले असते का? यावर हीटरजवळ आमचं बराच वेळ चाललं. फुलवाल्या बाईंना वाटलं आम्ही भांडतोय, त्यांनी मधे बिस्किटं ठेवली.

संध्याकाळी रॉयल अॅल्बर्ट डॉक. जेसी हार्टलीनं १८४६ मध्ये बांधलेली ही गोदामं बीड, वीट आणि दगड यांचीच. ओझं पेलायला लाकूड कुठेच नाही. कारण पुन्हा आग : आत कापूस, साखर, दारू. पाण्याकाठी रांगेनं उभे लाल-केशरी खांब ग्रीक देवळाच्या थाटाचे, इतके जाड की माझ्या दोन्ही हातांत मावेनात. नाण्याचा निकाल : पोकळ. जवळच डॉक ट्रॅफिक ऑफिसचा दर्शनी भाग आहे, अगदी दगडी देऊळ वाटेल असा, पण खांबही बिडाचे आणि वरची पट्टीही. पुलावर लाकडाचं सोंग, चर्चमध्ये गॉथिक दगडाचं, इथे ग्रीक दगडाचं. लोखंडाला स्वतःच्या चेहऱ्यानं बाहेर यायला जवळजवळ शतक लागलं.

जेवायला 'ब्लाइंड स्काउस' मागा. स्काउस हा इथला खलाशांचा रस्सा. आंधळा म्हणजे मटणाशिवायचा. बटाटा, गाजर, सोबत लोणच्यातला लाल कोबी. भिजून आलेल्या माणसाला याहून जास्त काही लागत नाही.

पाचवा दिवस : काचेचे बुडबुडे आणि सिमेंटचं नाव

वॉटर स्ट्रीटवरचं ओरिएल चेंबर्स रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं बघा. १८६४. पीटर एलिस नावाच्या माणसानं बिडाचा सांगाडा उभारून समोर काचेच्या पुढे आलेल्या खिडक्यांच्या रांगाच्या रांगा टांगल्या, म्हणजे कारकुनाच्या टेबलावर वरूनही उजेड यावा. दगड उरला तो फक्त खिडक्यांमधल्या सडपातळ पट्ट्यांपुरता. आजच्या कुठल्याही ऑफिस इमारतीचा हा पणजोबा. त्या वेळच्या टीकाकारांनी काचेचे बुडबुडे म्हणून हिणवलं. एलिसची कुक स्ट्रीटवर अशी आणखी एक इमारत आहे. पुढे त्याच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. बाबांनी इमारतीसमोर टोपी काढली. खरोखर काढली.

नदीकाठचं रॉयल लिव्हर बिल्डिंग १९११ चं. वरचे दोन पक्षी सगळे फोटोत घेतात, आणि त्याचं घड्याळ बिग बेनच्या तबकडीपेक्षा मोठं आहे हे इथला प्रत्येक माणूस सांगतो. बाबांना रस होता आतल्या मालात. आत सळईचं काँक्रीट आहे, फ्रान्सच्या एनबिक पद्धतीचं, आणि बाहेरून ग्रॅनाइटची चादर. नाणं वाजवलं तर बोलतो तो ग्रॅनाइट.

"सोंग चालूच," मी म्हटलं.

"सिमेंटचं तर नावच सोंग आहे," बाबा म्हणाले. १८२४ मध्ये लीड्सच्या जोसेफ अॅस्पडिन या गवंड्यानं पेटंट घेतलं तेव्हा आपला माल पोर्टलंडच्या नामी दगडासारखा दिसतो म्हणून त्यानं त्याला पोर्टलंड सिमेंट म्हटलं. आपण गोणीवर आजही तेच छापतो. मग तिथेच काठावर, सीगलच्या कलकलाटात, सळई काँक्रीटमध्ये का घालतात ते त्यांनी मला नव्यानं सांगितलं. काँक्रीटसुद्धा बिडासारखंच, दाबाला वाघ आणि ताणाला शेळी. ताण घ्यायला पोलादाची सळई. आणि नशीब असं की उन्हाथंडीत दोघं जवळजवळ सारखीच फुगतात-आकसतात, म्हणून एकमेकांना सोडत नाहीत. लहानपणी हे शंभरदा ऐकलेलं. त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं.

सहावा दिवस : लंडन

एकच दिवस, म्हणून दोनच ठिकाणं.

सेंट पॅन्क्रस स्टेशनचं पुढचं तोंड म्हणजे लाल विटांचं, मनोऱ्यांचं हॉटेल, जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं. मागे गाड्यांसाठी विल्यम बार्लोनं १८६८ मध्ये घातलेलं छप्पर : २४० फुटांची एकच झेप, मधे खांब नाही. दोन्ही एकाच स्टेशनचे भाग आणि एकमेकांची ओळख नसल्यासारखे उभे. बाबांना छळणारा प्रश्न वेगळाच होता. एवढी कमान पाय फाकवणार, तो रेटा कुठे गेला? भिंतींना टेकू नाहीत, डोक्यावर आडवी सळी नाही. ते फलाटाकडे बघत उभे राहिले आणि मग बूट जमिनीवर आपटला. "इथे आहे! धनुष्याची दोरी पायाखाली आहे!" फलाटाची जमीन ज्या लोखंडी तुळयांवर आहे त्याच कमानीचे दोन्ही पाय बांधून ठेवतात. आणि खालच्या तळघरातल्या खांबांमधलं अंतर? ते ठरलं बर्टनहून येणाऱ्या बिअरच्या पिंपांवरून. पिंपं नीट रचता यावीत असं माप धरलं आणि वरचं सगळं त्यावर बसवलं. आता तिथे दुकानं आहेत. कॉफी घेत ते खांब निवांत बघता येतात.

बार्लोच्या जोडीला छपराचे बारकावे बघणारा रोलंड मेसन ऑर्डिश होता. हे नाव वाचून बाबा थबकले. मुंबईत काळा घोड्याला वॉटसन हॉटेलचा जो बिडाचा सांगाडा अजून उभा आहे, तो याच ऑर्डिशचा, त्याच सुमाराचा, इंग्लंडात ओतून जहाजानं सुटा नेलेला. आणि त्याच्याही आधी हा माणूस क्रिस्टल पॅलेसचे तपशीलवार नकाशे काढत होता. दुपारी आम्ही तिथेच निघालो होतो.

क्रिस्टल पॅलेस बघायला जाणं म्हणजे नसलेली गोष्ट बघायला जाणं. १८५१ च्या प्रदर्शनासाठी हाइड पार्कात जोसेफ पॅक्स्टननं ती काचेची इमारत केली. तो मूळचा माळी, काचेच्या रोपघरांतून तयार झालेला. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला नसता तर ही कल्पना कुणाला परवडली नसती. खिडक्यांवरचा कर तर १६९६ पासून होता, तो उठला नेमका १८५१ मध्ये. जवळजवळ तीन लाख तावदानं, सगळी एकाच मापाची, बर्मिंगहॅमजवळच्या एकाच कारखान्यातून. सुटे भाग गाड्यांवर आले, जोडले, आणि नऊएक महिन्यांत इमारत उभी. सुटी करता येते म्हणून पुढे १८५४ मध्ये ती सिडनमच्या टेकडीवर नेऊन वाढवून उभारली. ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री जळाली.

आता तिथे लांबच लांब दगडी गच्च्या, पायऱ्या, काही स्फिंक्स, आणि गवत. रस्त्याखालचं विटांच्या कमानींचं भुयार अलीकडेच दुरुस्त झालंय, पण ते ठरावीक दिवशीच उघडतं आणि आमचा दिवस चुकला. तुम्ही आधी तपासा. खालच्या तळ्याकाठी १८५४ चे डायनोसॉर आहेत, तेही बघा.

ऊन पडलं होतं. एक मुलगी कुत्र्याला चेंडू फेकत होती. बाबा वरच्या गच्चीच्या एका टोकाला जाऊन उभे राहिले. पॅक्स्टननं खांबांचं अंतर २४ फूट धरलं होतं, हे त्यांना पाठ होतं. ते पावलं मोजत चालू लागले. नऊ मोठी पावलं, थांबले, टाच रोवली. पुन्हा नऊ.

"काय करताय?"

"खण मोजतोय. हाइड पार्कातली १८४८ फूट होती. सत्त्याहत्तर खणांचा वाडा, विचार कर!"

कुत्रा चेंडू सोडून त्यांच्यामागे लागला. ती मुलगी हाका मारत होती, बाबांना ऐकू जात नव्हतं. आठव्या खणाला ते पुतळ्याएवढे दिसत होते, अकराव्याला त्यांनी मागे वळून हात वर केला आणि मला दुसऱ्या टोकाला टेप धरल्यासारखं उभं राहायला सांगितलं.